बॅजसाठी कौन्सिलरला फोन करावा का, आणि धोरणासाठी कधी करावा?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या एका शहरात प्रायव्हेट हायरची, म्हणजे फक्त आधी बुक केलेल्या फेऱ्यांची, गाडी चालवतात. कौन्सिलने टॅक्सी धोरणाचा नवा मसुदा काढला आहे. सात वर्षांपेक्षा जुन्या गाडीला प्लेट, म्हणजे गाडीचं लायसन्स, मिळणार नाही आणि फीही वाढणार. मतं मागवली आहेत, मुदत सहा आठवडे. त्यातच एका मित्राचा बॅज, म्हणजे चालकाचं लायसन्स, प्रवाशाच्या तक्रारीवरून अडचणीत आला आहे आणि प्रकरण कमिटीपुढे जायचं आहे. वॉर्डातले कौन्सिलर ओळखीचे आहेत, मंडळाच्या गणपतीला येतात आणि लायसन्सिंग कमिटीवरही आहेत. त्यांची मदत कुठे होईल?

मी आधी एका कौन्सिलच्या लायसन्सिंग विभागात होते आणि आता चालकांच्या संघटनांना कागदपत्रं आणि सुनावणीत मदत करते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माहीत आहेत. माझं उत्तर सरळ आहे. धोरणासाठी त्यांना जरूर गाठा, याच आठवड्यात. मित्राच्या बॅजसाठी फोनसुद्धा करू नका. बहुतेक टॅक्सीवाले याच्या नेमकं उलटं करतात. बॅज अडकला की रात्री अकरा वाजता कौन्सिलरच्या दारात जातात, आणि धोरणाचा मसुदा आला की ‘ठरलेलंच असतं त्यांचं’ म्हणून सोडून देतात.

आधी हे अधिकार कौन्सिलकडे कसे, ते पाहू. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथे पहिला गोंधळ होतो. आपल्याकडे बॅज आणि परमिट आरटीओकडे, भाडं ठरवणार परिवहन प्राधिकरण. नगरसेवकाचा त्यात काही संबंध नाही, तो फार तर स्टँडच्या जागेसाठी पत्र देईल. इंग्लंडमध्ये लंडन सोडलं, तर हा सगळा कारभार स्थानिक कौन्सिलचा. हॅकनी कॅरेज, म्हणजे रँकवर उभी राहणारी आणि रस्त्यात हात केल्यावर थांबणारी टॅक्सी, अजूनही १८४७ च्या टाउन पोलीस क्लॉजेस कायद्याखाली चालते. घोडागाड्यांसाठी केलेला कायदा. प्रायव्हेट हायरचा कायदा १९७६ चा. प्लिमथचा तर स्वतःचा वेगळा कायदा आहे, १९७५ चा. लंडनमध्ये हे काम ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आहे. त्यामुळे लंडनच्या हॅरोत राहणाऱ्या मेहुण्याचा सल्ला तुमच्या शहरात लागू पडेलच असं नाही.

इंग्लंडमध्ये अशी लायसन्स देणारी अडीचशेहून जास्त प्राधिकरणं आहेत आणि प्रत्येकाचं धोरण वेगळं. गाडीचं वय, भाषेची परीक्षा, गाडीचा रंग, कॅमेरा, दारावरचा स्टिकर हे सगळं स्थानिक धोरणात ठरतं, आणि ते धोरण मंजूर करतात कौन्सिलर. म्हणून तुमचा माणूस खरोखरच महत्त्वाचा आहे. पण तो दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसतो. धोरण ठरवताना तो लोकप्रतिनिधी असतो. तिथे त्याला पटवणं, भेटणं, आकडे देणं, चार चालकांना घेऊन त्याच्या सर्जरीत, म्हणजे लोकांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, जाणं हे सगळं रास्त आहे. एखाद्या चालकाचं प्रकरण समोर आलं, की तो जवळजवळ न्यायाधीशाच्या जागी असतो. तिथे त्याने फक्त सुनावणीत समोर आलेलंच ऐकायचं असतं.

तुमच्या मित्राचं आधी बोलते, कारण तिथे चूक महागात पडते.

कमिटीवरच्या कौन्सिलरशी तुम्ही सुनावणीआधी बोललात, तर त्याला दोनच मार्ग उरतात. एक तर ते जाहीर करून त्या प्रकरणातून बाहेर पडायचं. म्हणजे कदाचित तुमच्या बाजूने विचार करणारा एकमेव माणूस खोलीबाहेर गेला. किंवा गप्प बसायचं, आणि पुढे ते उघड झालं तर निर्णयच वादात. शहाणा कौन्सिलर फोनवर पहिल्याच वाक्यात तुम्हाला थांबवेल. त्याचा राग मानू नका.

कमिटीतले लोक इतके कडक का झाले, हे समजून घ्यायला उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅमकडे बघावं लागतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲलेक्सिस जे यांचा चौकशी अहवाल आला. १९९७ ते २०१३ या काळात त्या एका शहरात सुमारे १४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असा त्यांचा जपून केलेला अंदाज होता, आणि त्यात काही टॅक्सीचालकांचा थेट हात असल्याचं त्यांनी नोंदवलं. पाठोपाठ फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने नेमलेल्या लुईस केसी यांची कौन्सिलची तपासणी आली. कौन्सिलच कारभाराला लायक नाही, असा निष्कर्ष. चालक लायक आहे की नाही हे पाहण्यात तिथलं टॅक्सी लायसन्सिंग कमी पडलं, हेही त्यात होतं. सरकारने कौन्सिलरांच्या हातातून कारभार काढून आयुक्तांकडे दिला, लायसन्सिंगसकट. आज कुठल्याही शहरातल्या लायसन्सिंग कमिटीच्या डोक्यात हे असतंच. आपण एका माणसावर दया दाखवली आणि उद्या काही घडलं, तर? प्रामाणिकपणे टॅक्सी चालवणाऱ्या हजारो लोकांवर याचा अन्याय होतो का? कधीकधी होतो, मी होताना पाहिलाय. पण कमिटीपुढे त्याची तक्रार करून उपयोग नाही. त्या भीतीला उत्तर देईल असा कागद समोर ठेवावा लागतो.

जुलै २०२० मध्ये परिवहन खात्याने टॅक्सीसाठी वैधानिक मानकं काढली. निर्णय घेणाऱ्याने स्वतःला काय विचारायचं, ते त्यात स्पष्ट आहे. तुम्हाला ज्या माणसाची काळजी आहे, त्याला दिवसा किंवा रात्री कुठल्याही वेळी या चालकाच्या गाडीत एकटं पाठवाल का? मनातलं उत्तर ‘नाही’ असेल, तर लायसन्स नाही. इथे गुन्हा निर्विवाद सिद्ध व्हायची गरज नसते. १९९८ च्या रशक्लिफ कौन्सिलच्या खटल्यात हायकोर्टाने ऐकीव पुरावाही विचारात घेता येतो असं ठरवलं. म्हणून ‘पोलिसांनी केस बंद केली’ एवढ्यावर विसंबून जाऊ नका.

आणि एक गोष्ट ऐकायला कडू आहे. ‘माझी तीन मुलं आहेत, घराचे हप्ते आहेत, बॅज गेला तर रस्त्यावर येईन’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सुनावणीत येतं. ते खरं असतं, आणि कायद्याने त्याला जवळजवळ वजन नाही. २००२ मध्ये लीड्स कौन्सिलच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं, की चालकाच्या पोटापाण्याचा विचार इथे करायचा नाही, प्रवाशांची सुरक्षितता बघायची. मित्राला सांगा, पाच मिनिटं मिळाली तर साडेचार मिनिटं घटनेवर बोला. त्या फेरीची ॲपमधली नोंद, डॅशकॅमचं चित्रण, ऑपरेटरचं (फेऱ्या बुक करणाऱ्या कंपनीचं) पत्र, आधीच्या वर्षांतला तक्रारविरहित रेकॉर्ड आणि चुकलं असेल तिथे स्वच्छ कबुली. कमिटीला सगळ्यात जास्त खटकतं ते उडवाउडवीचं बोलणं.

मग वॉर्डातला कौन्सिलर पूर्ण बाद का? तसं नाही. कमिटीवर नसलेला दुसरा कौन्सिलर असेल, तर बऱ्याच ठिकाणी तो चालकाच्या सोबत प्रतिनिधी म्हणून सुनावणीत बसू शकतो किंवा चारित्र्याबद्दल लिहून देऊ शकतो. एका वॉर्डात अनेकदा दोन किंवा तीन कौन्सिलर असतात. कमिटीबाहेरचा कोण, ते कौन्सिलच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत कळतं. जीएमबी किंवा युनाइट या कामगार संघटनांचं सदस्यत्व असेल तर प्रतिनिधी तिथून मागवा. तो बहुधा कौन्सिलरपेक्षा तयारीचा निघतो.

निकाल विरुद्ध गेला, तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करायला २१ दिवस असतात. ही मुदत पत्र मिळाल्यापासून धरा आणि कौन्सिलरकडे हेलपाटे घालण्यात घालवू नका, कारण निकाल लागल्यावर त्याला तो फिरवताच येत नाही. साधारणपणे अपील चालू असताना काम करता येतं. पण पत्रात ‘सार्वजनिक सुरक्षेसाठी तात्काळ’ असं लिहिलं असेल, तर गाडी त्याच दिवशी उभी करायची. नाहीतर विमाही नाही आणि गुन्हाही वेगळा.

आता गणपती. कौन्सिलर आरतीला आले तर येऊ द्या. प्रसाद घेण्यात काही वावगं नाही. पण बऱ्याच कौन्सिलांत ५० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीची भेट त्यांना नोंदवावी लागते, तेव्हा शाल-श्रीफळाचा आवाका बेताचा ठेवा, आणि मित्राचं प्रकरण चालू असताना त्याला त्यांच्या शेजारी उभा करून फोटो काढू नका. आणखी एक. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला कॉमनवेल्थ नागरिक म्हणून स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. आपले कितीतरी चालक यादीत नावच घालत नाहीत. ज्या माणसाचं मत नाही, त्याच्या ईमेलला उत्तर किती लवकर येतं ते तुम्हीच बघा.

धोरणाकडे येते. खरा खेळ इथे आहे.

कौन्सिल मतं मागवते तेव्हा ती नुसती शिष्टाचार म्हणून मागवू शकत नाही. १९८५ च्या ब्रेंटच्या खटल्यातून आलेली आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॅरिंगेच्या खटल्यात उचलून धरलेली गनिंग तत्त्वं चार आहेत. प्रस्ताव अजून घडत असतानाच मत मागवायचं. विचारपूर्वक उत्तर देता येईल एवढी कारणं द्यायची. पुरेसा वेळ द्यायचा. आणि आलेली उत्तरं निर्णयाआधी मन लावून विचारात घ्यायची. सहा आठवडे कमी वाटतात, पण तेवढ्यावरून कोर्ट सहसा रद्द करत नाही. दुसऱ्या तत्त्वात मात्र कौन्सिलं वारंवार अडकतात. तुमच्या मसुद्यात सातच वर्षं का, सहा किंवा दहा का नाहीत, याचं कारण दिलंय का ते बघा. नसेल, तर तुमच्या उत्तराचं पहिलं वाक्य तेच असू द्या.

नोव्हेंबर २०२३ च्या परिवहन खात्याच्या मार्गदर्शनात गाड्यांना सरसकट वयाची मर्यादा लावू नये असं म्हटलं आहे. धूर कमी करायचा असेल तर धुराचे निकष लावा, सुरक्षितता हवी असेल तर तपासणी कडक करा, असा त्याचा रोख. ते बंधनकारक नाही, पण त्याच्या विरुद्ध जायचं तर कौन्सिलला चांगलं कारण द्यावं लागतं. नीट ठेवलेली युरो सिक्स (धुराचा कडक निकष पाळणारी) गाडी आठव्या वर्षी बाद आणि फाटक्या सीटची पाच वर्षांची गाडी पास, हे कमिटीतल्या कुठल्याही माणसाला खटकतं. मात्र त्याला आकडा हवा.

तो आकडा कौन्सिलकडेच असतो. माहिती अधिकाराच्या इथल्या कायद्याखाली, म्हणजे २००० च्या कायद्याखाली, अर्ज टाका. गेल्या तीन वर्षांत गाडीच्या वयानुसार किती गाड्या तपासणीत नापास झाल्या आणि कशासाठी? उत्तराला २० कामाचे दिवस लागतात, म्हणजे जवळपास महिना. सहा आठवड्यांच्या मुदतीत हा अर्ज पहिल्या दोन दिवसांतच जायला हवा. उत्तर कौन्सिलच्या बाजूचं आलं, तर वयाचा मुद्दा सोडा आणि जुन्या गाड्यांना मुदतवाढ मागा. म्हणजे आज प्लेट असलेल्या गाडीला नवा नियम दोन-तीन वर्षांनी लागू करा. माझ्या अनुभवात ही मागणी इतर कुठल्याही मागणीपेक्षा जास्त वेळा मान्य होते, कारण कौन्सिलरला धोरणही ठेवता येतं आणि आपल्या वॉर्डातल्या चालकांना तोंडही दाखवता येतं.

आता कौन्सिलरला काय सांगायचं. तीनशे चालकांच्या सह्यांचं एकच निवेदन दिलं, तर बऱ्याचदा ते ‘एक प्रतिसाद, तीनशे सह्या’ असं अहवालात बसतं. तीस चालकांनी आपापल्या शब्दांत, आपल्या गाडीच्या खर्चासकट लिहिलं तर तीस प्रतिसाद. कौन्सिलरला एकच पान द्या. त्यावर तीन गोष्टी: तुमच्या गाडीची किंमत आणि कर्ज, ती बदलली तर आठवड्याला किती खर्च वाढतो, आणि मसुद्यात कोणतं वाक्य कसं बदलावं. शेवटची गोष्ट बहुतेक लोक देतच नाहीत. कौन्सिलर मीटिंगमध्ये दुरुस्ती मांडू शकतो, पण ती त्याला कोणीतरी तयार करून द्यावी लागते. आयते शब्द दिले, तर तो ते वाचून दाखवतो.

तो मोकळेपणाने तुमच्याशी बोलला म्हणून तो मतदानाला अपात्र होत नाही. २०११ च्या लोकलिझम कायद्याने हे साफ केलंय. आधी एखाद्या बाजूला झुकलेला असणं चालतं, दुसरं काही ऐकायचंच नाही असं ठरवून येणं चालत नाही. म्हणून त्याच्याकडून ‘मी विरोधातच मत देणार’ असं वचन मागू नका. त्याच कायद्याखाली, जो कौन्सिलर स्वतः टॅक्सी चालवतो त्याने असा विषय आला की हितसंबंध जाहीर करून चर्चेतून आणि मतदानातून बाजूला व्हायचं असतं. रास्त कारणाशिवाय त्यात भाग घेणं हा गुन्हा आहे. उत्तर इंग्लंडमधल्या कितीतरी शहरांत कौन्सिलर स्वतःच टॅक्सी चालवतात. ‘आपला माणूस’ म्हणून लोक त्याच्यावर सगळी भिस्त ठेवतात, आणि मतदानाच्या वेळी तो बाहेर कॉरिडॉरमध्ये असतो.

फीचं गणित वेगळं आहे. गाडी आणि ऑपरेटर यांच्या फीसाठी कौन्सिलला वर्तमानपत्रात सूचना देऊन २८ दिवस हरकती मागवाव्या लागतात. चालकाच्या फीसाठी तसं बंधन नाही. दोन्हींत नियम एकच की कौन्सिलने नफा कमवायचा नाही, खर्च भरून काढायचा. म्हणून ‘फी फार आहे’ असं लिहू नका. ‘फीचा हिशोब दाखवा, कोणत्या कामाला किती तास धरले ते दाखवा, मागची शिल्लक कुठे गेली ते दाखवा’ असं लिहा. कौन्सिलची वार्षिक खाती ३० कामाचे दिवस लोकांना पाहण्यासाठी खुली असतात, आणि त्या काळात मतदाराला ऑडिटरकडे प्रश्न टाकता येतो. हे हत्यार फार कमी संघटना वापरतात.

भाड्याबद्दल एका ओळीत. मीटरचा दर फक्त हॅकनीचा ठरतो, प्रायव्हेट हायरचा नाही, आणि बऱ्याच कौन्सिलांत तो लायसन्सिंग कमिटीकडे नसून कॅबिनेटकडे, म्हणजे कौन्सिलच्या कार्यकारी मंडळाकडे, असतो. हॅकनीवाले मित्र दरवाढ मागत असतील, तर त्यांनी आधी योग्य दार शोधावं.

टॅक्सी फोरम किंवा ट्रेड मीटिंग तुमच्या शहरात असेल, तर ती बिनकामाची वाटली तरी जा. तिथे अधिकारी मसुदा लिहायच्या आधी काय विचार करतायत ते कानावर पडतं. इतिवृत्त मागा आणि जपून ठेवा. ‘हा मुद्दा मार्चमधल्या मीटिंगमध्ये आम्ही मांडला होता’ असं पुढे दाखवता आलं पाहिजे. तुमच्या शहरातल्या फोरममध्ये हॅकनी आणि प्रायव्हेट हायर एकमेकांवरच ओरडत असतील, तर अधिकाऱ्यांना बरंच वाटतं. एका मुद्द्यापुरतं तरी एकत्र लिहून द्या. आणि फक्त टॅक्सीवाल्यांचं ऐकून कौन्सिल थांबत नाही. २०२० च्या मानकांत अपंग प्रवासी, महिला गट, व्यापारी, रात्रीच्या धंद्यातले लोक यांनाही विचारायला सांगितलंय. व्हीलचेअरच्या प्रवाशांच्या स्थानिक गटाने ‘वयाच्या मर्यादेमुळे रॅम्पवाल्या महाग गाड्या बंद होतील’ असं पत्र दिलं, तर ते तुमच्या दहा पत्रांपेक्षा भारी पडतं.

वॉल्व्हरहॅम्प्टनचा मुद्दा नक्की मांडा, पण धमकीच्या सुरात नको. प्रायव्हेट हायरमध्ये चालक, गाडी आणि ऑपरेटर या तिन्हींचं लायसन्स एकाच कौन्सिलचं असलं की देशात कुठेही फेरी करता येते, आणि देशभरातले हजारो चालक वॉल्व्हरहॅम्प्टन कौन्सिलकडून प्लेट घेऊन आपापल्या गावात काम करतात. नियम जाचक झाले की तुमच्या कौन्सिलची फी आणि देखरेख दोन्ही तिकडे जाणार, हे कौन्सिलरांना कळतं आणि टोचतंही. मात्र जून २०२५ मध्ये लुईस केसी यांनी त्यांच्या राष्ट्रीय पाहणीत असं बाहेरून लायसन्स घेऊन काम करणं थांबवावं अशी शिफारस केली. त्यामुळे या मुद्द्याचा जोर पुढे किती राहील, यावर फार भरवसा ठेवू नका.

मोर्चा आणि टाउन हॉलभोवती हळू गाड्या चालवण्याबद्दल विचाराल, तर माझं मत असं: त्याने भेटीची वेळ मिळते, धोरण क्वचितच बदलतं. भेटीत टेबलावर ठेवायला काही नसेल, तर दुसऱ्या दिवशी पेपरात फक्त अडकलेल्या रुग्णवाहिकेची बातमी येते.

मीटिंगचा अजेंडा आणि अधिकाऱ्यांचा अहवाल पाच पूर्ण दिवस आधी जाहीर व्हावा लागतो. तो आला की लगेच आपले प्रतिसाद त्यात नीट मांडलेत का ते तपासा. गाळले असतील, तर त्याच दिवशी कमिटीच्या प्रत्येक सदस्याला एकसारखा ईमेल करा, म्हणजे कुणा एकाला गाठल्याचा प्रश्न येत नाही. बोलायची परवानगी बहुधा तीन मिनिटांची, आणि नाव आधी नोंदवावं लागतं.

एवढं करूनही धोरण जसंच्या तसं मंजूर झालं, तर हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे निर्णय कायदेशीर आहे का हे कोर्टाकडून तपासून घेण्याचा, मार्ग उरतो. दावा लगेच, जास्तीत जास्त तीन महिन्यांत करावा लागतो, आणि खर्च एकट्या चालकाच्या आवाक्यातला नाही. संघटनेने वर्गणी काढूनच ते होतं. वेकफिल्डच्या टॅक्सी संघटनेने हे फीच्या बाबतीत केलं. चालकांवर देखरेख ठेवण्याचा खर्च कौन्सिल गाडीच्या फीमध्ये घालत होती, ते बेकायदा असल्याचं अपील कोर्टाने २०१९ मध्ये मान्य केलं. पण त्याच निकालात, तोच खर्च चालकाच्या लायसन्स फीमधून वसूल करता येईल, असंही सांगितलं. म्हणून वकिलाला पैसे देण्याआधी संघटनेने हे विचारून घ्यावं: आपण जिंकलो तर कौन्सिल दुसऱ्या दिवशी तीच रक्कम कायदेशीरपणे कुठून काढू शकेल?